आपणनानांची बाजू

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक पिवळं कुत्रं दुपारचं आडवं पसरलेलं असतं. माणसं त्याला ओलांडून जातात, मोटारसायकलवाले हॉर्न मारतात, एखादा चप्पल उगारतो. नाना मात्र त्याच्यापाशी थांबतात, डोक्यावरची टोपी सारखी करतात आणि म्हणतात, "अहो, आपण जरा बाजूला होता का?" कुत्रं एक डोळा उघडतं आणि परत मिटतं. नाना मिनिटभर वाट बघतात. मग "बरं, असू द्या," म्हणून स्वतःच गटाराच्या कडेनं, भिंतीला अंग घासत पलीकडे जातात.

त्यांचं खरं नाव विश्वनाथ. पण ते रेशनकार्डावर. गावात त्यांना आपणनाना म्हणतात, कारण ते सगळ्यांना 'आपण' म्हणतात. मला म्हणतात, माझ्या बायकोला म्हणतात, दूधवाल्याला म्हणतात, आणि दूधवाल्याची म्हैस कधी दारात आली तर तिलाही म्हणतात. त्यांची आणि माझी एक भिंत सामायिक आहे. पंधरा वर्षांत त्या भिंतीतून नानांचा आवाज मला एकदाही ऐकू आलेला नाही.

नाना पाटकरी होते. कालव्याच्या पाण्याची दारं उघडणारा आणि झाकणारा माणूस म्हणजे पाटकरी. कोल्हारच्या आसपासच्या चाऱ्यांवर, म्हणजे लहान कालव्यांवर, त्यांनी अख्खी नोकरी काढली. ऊस वाळायला लागला की शेतकऱ्याला देवाच्या आधी पाटकरी आठवतो, आणि तो काही प्रेमानं आठवत नाही. पाणी उशिरा आलं तर पाटकरी चोर, लवकर गेलं तरी चोर, आणि वेळेवर आलं तर शेजाऱ्याला जास्त सोडलं म्हणून चोर. नानांनी इतक्या शिव्या खाल्ल्यात की दुसरा एखादा असता तर नोकरी सोडून गेला असता किंवा फावडं तरी उचललं असतं. नानांनी एक वाक्य शोधून काढलं: "आपलं बरोबर आहे."

एकदा एका तालेवार माणसानं भर चारीवर त्यांची कॉलर धरली आणि त्यांच्या बापापासून सुरुवात केली. आजोबांपर्यंत पोचल्यावर त्याला दम लागला. नाना म्हणाले, "आपलं बरोबर आहे. पण दार सहालाच उघडता येईल. आपण तोवर चहा घेता का?" त्या माणसानं चहा घेतला. दुसरं काय करणार. शिव्या देणाऱ्याला समोरून काही तरी परत यावं लागतं, नाही तर तोंड दुखतं.

मोबाईलवर ती बाई बोलते ना, "आपण ज्या ग्राहकाशी संपर्क साधू इच्छिता" वगैरे, तिचं नाना शेवटपर्यंत ऐकून घेतात. मध्येच फोन ठेवणं त्यांना बरं वाटत नाही. एकदा मला म्हणाले, "बाळासाहेब, उभ्या गावात आम्हाला 'आपण' म्हणणारी ही एकटीच आहे."

असा माणूस, आणि त्याच्या नशिबी सरूकाकू.

सरूकाकूंच्या तोंडाला लगाम नव्हता. आमची गल्ली कोंबड्यानं उठत नसे, काकूंनी उठत असे. पहिला मान पाण्याच्या मोटारीचा, मग दूधवाल्याचा, मग अंगणात पाय ठेवणाऱ्या कुणाचाही. "मुडदा बशिवला तुझा, दूध घालतो का नदी घालतो?" हे ऐकल्याशिवाय दूधवाल्याला पुढच्या दारी जाववत नसे. एकदा मी सुटीत चार दिवस गावाला जाऊन आलो, तर काकू म्हणाल्या, "कुठं उलथला होता रे गाढवा, गल्ली कशी भकास झाली हुती." माझ्या सख्ख्या बहिणीनंही कधी इतकी चौकशी केली नसेल.

नानांचा वाटा मोठा असे. ते कामावरून आले की काकू दारातच सुरू व्हायच्या. "त्यानं तुमची कॉलर धरली आन् तुमी त्याला चहा पाजला? मानूस हायेत का धोंडा हायेत तुमी? बावळटांचा बाजार भरला तर तुमाला पहिला नंबर द्यावा लागंल." आतून नानांचा आवाज येत नसे. पण ते हातपाय धुऊन बाहेर ओट्यावर येऊन बसत, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर पोटभर झाल्यासारखं काही तरी असे. मला वाटायचं, बिचारे. बाहेरही शिव्या आणि घरातही.

मग गेल्या वर्षी काकूंना लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. सुरुवातीला सगळे जाऊन आलो. शहाळी नेली, केळी नेली. काकू नुसत्या बघत राहायच्या, आणि ज्या बाईच्या समोर बसून निम्म्या गल्लीनं शिव्या खाल्ल्या, तिच्यासमोर गप्प बसणं कुणाला जमेना. हळूहळू जाणं कमी झालं. नानांची मुलगी नाशिकला असते, ती महिन्यातून एकदा येऊन जायची. बाकी सगळं नाना बघत. माझं काय विचारता, भिंत सामायिक असून मी दिवाळीनंतर आत गेलो नव्हतो. मी दमलेला माणूस आहे. हे कारण होत नाही, पण खरं आहे.

माझा केबलचा धंदा. स्टँडजवळ एका शटरचं ऑफिस आहे, तिथूनच इंटरनेटची कनेक्शनंही देतो. या धंद्यात गावाला चित्र दिसलं नाही तरी माझी चूक, आणि दिसलेलं आवडलं नाही तरी माझीच. कुठल्या मालिकेत सासूनं सुनेला विष घातलं की दुसऱ्या दिवशी दोन बाया माझ्याकडे बघून मान हलवतात.

त्यात तो कार्यक्रम सुरू झाला. पंधरा-सोळा माणसं एका बंगल्यात कोंडायची, भिंतीभिंतीला कॅमेरे लावायचे आणि ती कधी भांडतात याची वाट बघायची. आमच्या गल्लीत हे कॅमेऱ्याशिवाय रोज होतं. पण या वेळी त्यात आपल्या जिल्ह्यातली एक पोरगी होती. वैशू. पारनेरकडच्या कुठल्याशा खेड्यातली, मोबाईलवर व्हिडिओ टाकून पुढं आलेली. अंगानं काडी आणि आवाज उसाच्या ट्रॅक्टरवरच्या भोंग्यासारखा. पहिल्याच आठवड्यात तिनं एकाला बिनडोक, एकीला टवळी आणि स्वयंपाकघरात झोपलेल्या एका पैलवानाला 'फुकटखाऊ रेडा' म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता माझ्या ऑफिससमोर सभा भरली.

सभेत दोन पक्ष. एक संपतचा. संपतची माझ्या शेजारी वडापावची गाडी आहे. "आपल्या जिल्ह्याची पोरगी हाय," तो वडे तळता तळता म्हणायचा. "बाकीचे काय कमी बोलत्यात? त्यांचं इंग्रजीत असतंय म्हनून गोड लागतंय."

दुसरा पक्ष विमलताईंचा. विमलताई आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष, आणि मंडळ नसतं तरी अध्यक्षच असत्या. "जिल्ह्याचं नाव घालवलं तिनं," त्या म्हणायच्या. "लोकं म्हनत असतील, नगरकडं हीच भाषा चालती."

"मग चालत न्हाई का?" संपत.

"चालती. पन टीव्हीत कशाला सांगायची?"

असं महिनाभर चाललं. मी मान खाली घालून कॉम्प्युटरवर बसायचो. दोघंही जाताना मला विचारायचे, "तुमी का बोलत न्हाई?" मी म्हणायचो, वायर बघतोय.

मग तो 'थेरड्या'चा दिवस आला. त्या घरात साठी ओलांडलेले एक नट होते. त्यांनी चहाचा कप तसाच ठेवला, एवढंच. वैशू म्हणाली, "ए थेरड्या, कप उचल. तुझी लायकी हाय का माझ्यासमोर बसायची? तुझ्यासारखे छप्पन्न आमच्या गोठ्यात बांधलेत." ते नट उठले, कप धुतला आणि तोंड फिरवून उभे राहिले. कॅमेरा त्यांच्या पाठीवर बराच वेळ होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सभेत एकच पक्ष उरला होता. संपतचे वडील नुकतेच गेले होते. तो वडे तळत होता, पण बोलत नव्हता. विमलताईंचा आवाज चढला होता. "बापाच्या वयाच्या मानसाची लायकी काढती. आज ती काढती, उद्या आमच्या सुना काढतील. ही काय बोलायची रीत झाली?"

तेवढ्यात नाना भाजी घेऊन चालले होते. ते थांबले. टोपी सारखी केली.

"आपलं बरोबर आहे, विमलताई," ते म्हणाले. "पण मी जरा त्या मुलीच्या बाजूनं बोलू का?"

नानांनी आयुष्यात कुणाची बाजू घेतली नव्हती. स्वतःचीसुद्धा.

"तिचा उच्चार बघा आपण," नाना म्हणाले. "किती स्वच्छ आहे. एकही शब्द तोंडात राहत नाही. सगळा बाहेर पडतो."

"शिवीचा उच्चार बघायचा व्हय, नाना?"

"शिवीचाच बघायचा. बाकीचं तोंडातल्या तोंडात बोललं तरी चालतं."

संपतला हसू आलं. विमलताईंना नाही आलं. त्यांना वाटलं, नाना त्यांची थट्टा करतायत. नानांना थट्टा येत नाही हे त्यांना माहीत होतं, म्हणून जास्त राग आला.

त्या दिवसापासून नाना रोज थांबायला लागले आणि रोज वैशूची बाजू घ्यायला लागले. "आपलं बरोबर आहे, पण तिच्या शब्दांना वजन आहे." "आपलं बरोबर आहे, पण ती एकच शब्द तीनतीनदा म्हणते, ते फार चांगलं करते." गावातला सगळ्यात सभ्य माणूस टीव्हीतल्या सगळ्यात तोंडाळ पोरीचा वकील झाला होता. लोक लांबून बघायला यायचे. मला वाटलं, म्हातारपणी माणसाचं काही तरी ढिलं होतं, तसं असेल.

हे एवढ्यावर राहिलं असतं. पण कार्यक्रम दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता परत दाखवतात, आणि नाना तो दुपारचाच बघायचे. खिडकी उघडी आणि आवाज शेवटपर्यंत वाढवलेला. 'थेरड्या', 'बिनडोक', 'फुकटखाऊ' असं सगळं गल्लीभर. माझी बायको भिंतीवर लाटणं आपटायची. एक दिवस विमलताईंच्या चार वर्षांच्या नातीनं त्यांना जेवताना सांगितलं, "ए थेरडे, मीठ दे."

विमलताई चार बाया घेऊन ऑफिसात आल्या. नेमके नाना तिथंच होते, रिमोटचे सेल घ्यायला आलेले.

"बाळासाहेब, यांचं ते चॅनेल बंद करा," विमलताई म्हणाल्या. "जल्मभर शेळीवानी राहिले, आन् आता म्हातारपनी शिव्या ऐकायचं याड लागलंय यांना. आत बायको अंथरुनाला खिळलीय. ती बिचारी बोलू शकत न्हाई म्हनून काय तिच्या कानाशी असलं घान लावायचं? तिचा तरी इचार करावा मानसानं."

मी नानांकडे बघितलं. आता 'आपलं बरोबर आहे' येईल म्हणून सगळेच बघत होते. ते आलं नाही. नानांनी सेल खिशात घातले, चप्पल घातली आणि निघून गेले. जाताना चप्पल उलटी घातली होती, उजवी डाव्या पायात.

मी काय केलं ते सांगतो. मी बसल्या जागी नानांच्या बॉक्सवरून ते चॅनेल काढून टाकलं. एक बटण दाबायचं असतं. मला शांतता हवी होती. सकाळची सभा नको, दुपारचा भोंगा नको, भिंतीवरचं लाटणं नको. दमलेला माणूस न्याय-अन्याय बघत नाही, आवाज कुठून येतो ते बघतो.

दुसऱ्या दिवशी सव्वा एकला नाना आले. "बाळासाहेब, आमच्याकडं चित्र येत नाही हो. आपण बघता का?"

"वरूनच प्रॉब्लेम आहे, नाना," मी म्हणालो.

"बरं," म्हणून गेले. तिसऱ्या दिवशी परत आले. मी तेच सांगितलं. चौथ्या दिवशी आले तेव्हा डोक्यावर टोपी नव्हती. त्यांना टोपीशिवाय मी कधी बघितलं नव्हतं. टाळूवर एवढासा पांढरा भाग होता, लहान मुलाच्या डोक्यासारखा. उन्हात अनवाणी आले होते.

"वरून म्हणजे कुठून, बाळासाहेब?" त्यांनी विचारलं. "नगरहून की मुंबईहून? मी जाऊन त्यांना विनंती करतो. आपण फक्त पत्ता द्या."

मला तोंड वर करता येईना. "चला, घरी येऊन बघतो," मी म्हणालो.

आतल्या खोलीत टीव्ही पूर्वी नव्हता. नानांनी तो स्टुलावर, खाटेच्या पायथ्याशी आणून ठेवला होता. खाट माझ्या भिंतीला लागून होती. काकू उशीला टेकून बसल्या होत्या, निम्म्या झालेल्या. उजवा हात मांडीवर ठेवलेला. केस नीट विंचरून वेणी घातली होती, पण वेणी एका बाजूला गेली होती. नानांनीच घातली असणार.

मी बॉक्सची वायर उगीच काढून लावत बसलो. नाना हळू आवाजात सांगायला लागले, माझ्याकडे न बघता.

"डॉक्टर म्हणाले, समजतं त्यांना सगळं. बाहेर पडत नाही. घरात बोलणं चालू ठेवा म्हणाले. पण आम्हाला कुठं बोलता येतं, बाळासाहेब? या घरात बोलायचं काम ह्यांच्याकडं होतं. मी हरिपाठ लावला. भजनं लावली. मुलीचा फोन कानाशी धरला. ह्या नुसत्या बघत राहायच्या. मग एक दिवस ते चॅनेल चुकून लागलं. ती मुलगी कुणाला तरी बिनडोक म्हणाली. आणि ह्यांचे ओठ हलले. मी इथं पेजेची वाटी घेऊन बसलो होतो."

त्यांनी बसलेली जागा दाखवली.

"मग रोज लावायला लागलो. वीस-बावीस दिवस नुसते ओठ. आवाज मोठा केला की जास्त हलायचे. आणि ज्या दिवशी तिनं त्या गृहस्थांना थेरड्या म्हटलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ह्यांनी म्हटलं. अख्खा शब्द. टीव्हीला म्हणाल्या की मला, ते कळलं नाही. पण म्हणाल्या."

"अहो नाना, मग हे विमलताईंना सांगायचं ना. त्या दिवशी तरी सांगायचं."

नानांनी काकूंच्या पायावरची चादर सारखी केली. "काय सांगणार? ह्यांना आवडलं नसतं. लोकांनी अरेरे केलेलं ह्यांनी कधी ऐकून घेतलं नाही. ह्या बऱ्या होऊन उठल्या तर मला विचारतील, कुणाकुणाला सांगितलंत म्हणून."

मी बाहेर ओट्यावर जाऊन ऑफिसातल्या पोराला फोन केला आणि चॅनेल सुरू करायला सांगितलं. परत आत आलो तर वैशू दिसत होती. ती कुणाला तरी भांडी कशी घासायची ते शिकवत होती. "डोळे फुटले का तुझे?" ती म्हणाली. काकूंची मान हलली. तोंडाचा डावा कोपरा ओढला गेला, गळ्याची शीर ताठ झाली, आणि आतून घोगरा, ओढूनताणून आणलेला आवाज आला, "फु... फुटले."

नाना माझ्याकडे बघत होते. "बघितलंत ना आपण?"

"नाना," मी म्हणालो, "वरून काही नव्हतं. मीच बंद केलं होतं."

"आपलं बरोबर आहे," नाना म्हणाले. "आवाज फार होत होता."

मला त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी मी विमलताईंकडे गेलो आणि सगळं सांगितलं. कुणाला कळलेलं नानांना नको होतं, पण मला ते एकट्याला पेलवेना. विमलताई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "माझ्या लग्नाच्या वरातीत सरूनं मला पहिली शिवी दिली हुती. बेंदाड म्हनली. तवापासून मैत्री हाय." आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या.

आता खरी पंचाईत पुढं झाली. 'थेरड्या'वरून बाहेर इतका गदारोळ झाला की कार्यक्रमाच्या सूत्रसंचालकानं वैशूला सगळ्यांसमोर उभं करून फैलावर घेतलं. तिनं रडून माफी मागितली. दुसऱ्या दिवसापासून ती सगळ्यांना अहो-जाहो करायला लागली. नाना धावत माझ्याकडे आले. "बाळासाहेब, त्या मुलीला काय झालं हो? आज दिवसभरात एक वाकडा शब्द नाही. ह्या नुसत्या बसून होत्या." गावात ज्यांना ती नको होती त्यांनाही ती आता आवडेना. दोन आठवड्यांत लोकांनी मतं दिली नाहीत आणि ती बाहेर पडली. तोंड सुधारल्यावर तिचं काही कामच उरलं नाही.

नानांनी मग स्वतः करून बघितलं. मला त्यांनी आधी येऊन विचारलंही, "कुठल्या शब्दानं सुरुवात करावी?" मी म्हणालो, साध्या शब्दानं करा. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "काल मी ह्यांना म्हटलं, अहो, आपण जरा मूर्ख आहात."

"मग?"

"तोंड फिरवून झोपल्या."

शेवटी विमलताईच उठल्या. एक दिवस दुपारी एकला त्या संपतला गाडीवरून ओढत नानांच्या घरी घेऊन गेल्या. खाटेच्या एका बाजूला त्या बसल्या, दुसऱ्या बाजूला संपतला बसवला. आणि वैशूला बाहेर काढलं ते बरोबर की चूक यावर कडाक्याचं भांडण सुरू झालं. पहिली पाच मिनिटं नाटकी होती. मग संपत म्हणाला की कार्यक्रमवाल्यांनीच पोरीला चिथवून भांडायला लावलं आन् मग तिलाच शिक्षा दिली, आणि विमलताई खरोखर पेटल्या. भिंतीपलीकडे मी जेवत होतो. माझ्या बायकोनं लाटणं हातात घेतलं, आणि परत ठेवलं.

चौथ्या दिवशी काकू विमलताईंना म्हणाल्या, "भवाने." विमलताई तशाच माझ्या ऑफिसात आल्या. डोळे ओले होते. "मला भवानी म्हनली," त्या म्हणाल्या, आणि मग स्टँडवर जो भेटेल त्याला तेच सांगत सुटल्या. संपतला 'मुडद्या' मिळालं. दूधवाला गेले दहा महिने दूध दारात ठेवून जायचा, तो आत जाऊन उभा राहिला आणि 'चोरा' घेऊन आला. मी एकदा टीव्हीच्या आड उभा राहिलो तर मला 'गाढवा' मिळालं. डॉक्टर म्हणाले, होतं असं. रागाचे शब्द आत खोल असतात, ते आधी वर येतात. बाकीचे आले तर मागून येतील.

माणसांचं जाणं-येणं वाढलं. नाना प्रत्येकाला चहा द्यायचे आणि शिवी मिळाली की दारापर्यंत सोडायला यायचे. "बरं झालं आपण आलात," म्हणायचे. पण एक गोष्ट माझ्या लक्षात यायला लागली. काकू सगळ्यांना बोलायच्या, नानांना नाही. नाना समोर आले की त्या गप्प होऊन बघत राहायच्या. नाना मुद्दाम चमचा खाली पाडायचे. चहात साखर विसरायचे. एकदा सदरा उलटा घालून त्यांच्यासमोर दहा मिनिटं उभे राहिले. काही नाही.

"आमच्यावर राग असेल का, बाळासाहेब?" त्यांनी मला ओट्यावर विचारलं. "चाळीस वर्षं एक दिवस खंड नव्हता. आता दूधवाल्याला देतात, मला देत नाहीत."

मी म्हणालो, येईल, तुमचाही नंबर येईल. असं काही तरी, केबलच्या तक्रारीला देतो तसं.

परवा त्यांचा बॉक्स खरंच बिघडला म्हणून मी गेलो होतो. दुपारचे तीन वाजले असतील. विमलताई आणि संपत भांडून नुकतेच गेले होते. नाना काकूंना पेज भरवत होते. एक चमचा, मग फडक्यानं ओठ पुसायचे, मग दुसरा. वाटी संपली. नानांनी ती खाली ठेवली आणि खाटेच्या कडेला तसेच बसून राहिले, पाठीत वाकून. सकाळपासून पाण्याची, कपड्यांची, डॉक्टरांची धावपळ झाली असणार. मी टीव्हीच्या मागे वाकून वायर बघत होतो.

काकू त्यांच्याकडे बघत होत्या. तोंडाचा डावा कोपरा ओढला गेला. गळ्याची शीर ताठ झाली. नाना सावरून बसले, टोपी सारखी केली, आणि ऐकायला तयार झाले.

"जे... जेवला?" काकू म्हणाल्या.

नानांना आधी कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी वायरकडे बघितलं.

"जेवला का?"

"नाही," नाना म्हणाले. "अजून नाही."

काकूंनी डावा हात उचलला आणि स्वयंपाकघराकडे केला. नाना उठले. थोड्या वेळानं ताटलीत भाकरी आणि सकाळची वांग्याची भाजी घेऊन आले आणि खाटेसमोर खाली बसले. ते एक घास घ्यायचे आणि वर बघायचे. काकू शेवटच्या घासापर्यंत बघत होत्या. मी बॉक्सचं झाकण लावलं, पिशवी उचलली आणि दार लोटून बाहेर आलो.